डोकं खाली, काका!

चाळिशी ओलांडलेल्या मराठी माणसाला "पोहता येतं का हो?" असं विचारू नये. तो दुखावतो. "येतं का म्हणजे? विहिरीत शिकलोय," असं तो म्हणतो आणि त्यानंतर त्या विषयावर बोलण्यासारखं काही शिल्लक राहत नाही.

विहिरीतला अभ्यासक्रम छोटा होता. पाठीला पांगाऱ्याचा बिंडा नाहीतर रिकामा डबा बांधायचा, काकांनी "चल, मी धरतो" म्हणायचं आणि न धरता ढकलून द्यायचं. पुढचं सगळं स्वयंअध्ययन. नाकातोंडात पाणी गेलं की घटक चाचणी, बिंड्यातली दोन लाकडं कमी झाली की सहामाही, आणि बिंड्याशिवाय पायऱ्यांना हात लागला की वरच्या वर्गात. प्रश्नपत्रिकेत प्रश्न एकच : वर आलास का? कसा आलास, हे विचारायची पद्धत नव्हती.

शिवाय हे पोहणं विहिरीच्या मापानं बेतलेलं असतं. शेतातली विहीर रुंद ती किती? वीस-पंचवीस फूट. भरून घेतलेला दम समोरच्या भिंतीपर्यंत सहज पुरतो, म्हणून मध्ये श्वास घ्यायचा प्रश्नच येत नाही. डोकं पाण्याबाहेर ठेवायचं, कारण विरोळा कुठल्या कपारीतून निघतोय ते दिसायला हवं आणि वरून कोण मुटका मारायच्या बेतात आहे त्याच्यावरही नजर हवी. हात जोरात आपटायचे, म्हणजे विरोळ्यालाही आपण येतोय हे कळतं. पाय जमतील तसे. विहिरीपुरतं हे तंत्र बिनचूक आहे, त्यात खोट काढायला जागा नाही. पालिकेचा तलाव मात्र २५ मीटर लांब असतो, म्हणजे ८२ फूट. विहिरीतला पट्टीचा पोहणारा तिथे साधारण निम्म्या वाटेवर लेनची दोरी धरून थांबतो आणि गॉगल नीट करू लागतो.

आमच्या तलावावर सकाळच्या बॅचला गॉगल नीट करणारे पुष्कळ आहेत. त्यांतले बहुतेक डॉक्टरांनी पाठवलेले. गुडघ्याचा एक्स-रे उजेडात धरून डॉक्टर म्हणतात, "चालणं कमी करा, पोहणं सुरू करा," आणि पेशंट आयुष्यात पहिल्यांदाच डॉक्टरांवर खूष होतो, कारण हे औषध त्याला आधीपासून येत असतं. मग वैद्यकीय दाखला, दोन फोटो, टोपी आणि नायलॉनचा पोशाख. टोपी घातली की माणसाचा हुद्दा जातो. मागे उरतं ते पोट.

आमचे शेजारी साहेब असेच आले. पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त. सगळी नोकरी पाण्यात गेली, पण ते पाणी कागदावरचं, घनफुटांत मोजलेलं. सोबत म्हणून वहिनींचाही पास काढला. त्यांनी तोवर बादलीपेक्षा मोठ्या पाण्यात पाय घातलेला नव्हता. शिकवायला बावीस-तेवीस वर्षांचे सर. ते तिशीच्या पुढच्या सगळ्यांना काका म्हणतात आणि साठीच्या पुढच्यांनाही काकाच म्हणतात. साहेबांनी पहिल्या दिवशी विहिरीतलं सगळं दाखवलं. पाणी आजूबाजूच्या तीन लेनमध्ये उडालं. सर कठड्यावर उकिडवे बसून शांतपणे बघत होते. म्हणाले, "छान. आता डोकं खाली, काका."

"का?"

"पाय बुडतायत."

हे तसं शाळेतल्या विज्ञानाचं पुस्तक उघडलं तरी कळण्यासारखं आहे. फुप्फुसात हवा, म्हणून छाती तरंगते. पायांत हाडं आणि स्नायू, म्हणून पाय खाली ओढतात. त्यात चार-पाच किलोचं डोकं पाण्याबाहेर काढलं, की पुढचा भाग उचलला जातो आणि तेवढंच मागचं खाली जातं. मग आपण पाण्यातून पुढे जात नाही, आडवं दार उभं करून ढकलत नेतो. पाणी हवेपेक्षा जवळपास ८०० पट दाट. त्यात वेग दुप्पट करायचा म्हटलं तर विरोध चौपट होतो आणि ताकद आठपट लागते. म्हणजे जोर वाढवून फारसं काही हाती लागत नाही, आडवं येणारं अंग कमी केलं तरच लागतं. साहेब अभियंते. त्यांनी घरी जाऊन वहीत आकडेमोड केली, दुसऱ्या दिवशी ती वही तलावावर आणली आणि सरांना म्हणाले, "तुझं शंभर टक्के बरोबर आहे." मग पाण्यात उतरले आणि डोकं वर ठेवून पोहले.

बुद्धीला पटलं, मानेला पटलं नाही. मोठेपणी पोहणं सुधारायला निघालेल्या माणसाचं सगळं दुखणं इथे आहे. आपण वाढलो तेच मुळी 'हातपाय हलवल्याशिवाय काही मिळत नाही' हे ऐकत. घाम आला म्हणजे काम झालं, धाप लागली म्हणजे जास्त झालं. आणि इथे एक मिसरूड नुकतं फुटलेला मुलगा सांगतो, "काका, कमी करा. हात सावकाश. मूठ सैल. जोर नको." हे ऐकून माणसाला आपलं काम काढून घेतल्याचं दुःख होतं. जास्त राबणारा मागे आणि आरामात जाणारा पुढे, हे ऑफिसात चालतं हे त्याला ठाऊक असतं. पाण्याकडून त्याची ती अपेक्षा नसते.

श्वासाचंही तेच. विहिरीतला माणूस श्वास कोंडतो, कारण हवा ही जपून ठेवायची वस्तू आहे अशी त्याची समजूत. सर सांगतात, तोंड पाण्यात असताना सगळी हवा सोडून द्या, बुडबुडे काढा. पाण्यात जी घुसमट होते ती बहुतेक वेळा हवा संपल्याची नसतेच. आत साठलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडायला धडपडत असतो, ती त्याची हाकाटी असते. जो सोडत नाही त्याला घेताही येत नाही. डोकं बाहेर काढल्यावर जो अर्धा सेकंद मिळतो, त्यात तो आधी जुनी हवा टाकणार आणि मग नवी भरणार. तेवढ्यात पाणी येतं.

त्यात श्वास घेण्याची जागा तर साहेबांना अजूनही मान्य नाही. पोहताना डोक्यापुढे छोटी लाट उठते आणि तिच्या मागे, गालापाशी, एक खळगा पडतो. डोकं उचलायचं नाही, अंगाबरोबर कुशीवर वळवायचं, गॉगलची एक काच पाण्यात, एक बाहेर, ओठ जरासे वाकडे करून त्या खळग्यातली हवा ओढायची. खळग्याचा तळ तलावाच्या पातळीच्या खाली असतो. "पातळीच्या खाली हवा?" साहेब म्हणाले, "आमच्या खात्यात असा खड्डा मी मंजूर केला नसता." त्यांची स्वतःची पद्धत वेगळी आहे. ते थांबतात, मान सरळ वर काढतात, भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले ते बघतात, श्वास घेतात, "हं" म्हणतात आणि परत कामाला लागतात. एका फेरीत त्यांना चार-पाच वेळा किती वाजले ते कळतं.

एकदा त्यांनी थेट टारझन काढला. "अरे, जॉनी वाइसम्युलर! १०० मीटर एका मिनिटाच्या आत पोहणारा जगातला पहिला माणूस, १९२२ साली. ऑलिंपिकमध्ये पोहण्याची पाच सुवर्णपदकं. आणि पोहायचा कसा? छाती वर, डोकं वर! पुढे सिनेमात टारझन झाला. मॅटिनीला पाहिलाय मी." मुद्दा बिनतोड होता. सर जरा विचारात पडले आणि म्हणाले, "टारझन तर ड्रिल आहे, काका. डोकं वर ठेवून फ्रीस्टाइल. फार केली की मान दुखते." टारझन नावाचा कोणी माणूसही होता, हे त्यांना त्या दिवशी कळलं. साहेब वाद जिंकले. मग फेरी मारायला गेले आणि निम्म्या वाटेवर गॉगल नीट करू लागले.

साहेबांना मी दोष देत नाही. अख्खं इंग्लंड त्यांच्या बाजूनं होतं. १८४४ साली लंडनमध्ये उत्तर अमेरिकेतल्या दोन मूळ रहिवाशांची शर्यत झाली. फ्लाइंग गल आणि टोबॅको अशी त्यांची नावं. दोघंही हात डोक्यावरून फिरवत, पाय आपटत, पाणी उडवत सुसाट गेले. इंग्रज प्रेक्षकांनी पाहिलं, थक्क झाले आणि ही काही सभ्य माणसाची रीत नव्हे असं ठरवून पुन्हा सावकाश ब्रेस्टस्ट्रोक मारू लागले. पुढे तीस वर्षांनी ट्रजेन नावाच्या माणसानं दक्षिण अमेरिकेत पाहिलेले हात तिकडे आणले, पण पाय मात्र जुन्याच कात्रीचे ठेवले. कॅप्टन वेबनं १८७५ साली इंग्लिश खाडी पार केली तीही ब्रेस्टस्ट्रोकनंच, पावणेबावीस तासांत. डोळ्यांसमोर वेगवान गोष्ट घडत असताना जुनी सोडायला एका देशाला इतका वेळ लागतो. साहेबांना एक उन्हाळा तर द्यायला हवा.

पायांची गोष्ट याहून दारुण आहे. सरांनी किकबोर्ड हातात दिला आणि नुसते पाय मारत पलीकडे जायला सांगितलं. साहेबांनी गुडघे वाकवून सायकल मारायला सुरुवात केली. फेस उसळला, कठड्यावरची माणसं भिजली, पण साहेब जागेवरून हलेनात. नीट पाहिलं तर हलत होते. मागे येत होते. यात चमत्कार काही नाही. मोठ्या माणसाचे घोटे आखडलेले असतात, पाऊल मागे सरळ ताणलं जात नाही, ते नांगरासारखं आडवं राहतं आणि पाणी पुढे ढकलतं. म्हणजे माणूस मागे. सरांनी उपाय सांगितला तो मात्र साहेबांच्या आवाक्यातला निघाला : टीव्ही बघताना वज्रासनात बसायचं, घोटे मोकळे होतात. तेव्हापासून साहेब बातम्या वज्रासनात बघतात. घोट्यांना गुण येतोय. बातम्यांचं काही सांगता येत नाही.

पायांचा एवढा बाऊ करायचं कारण नाही, हे पटवायला सरांनी मुरलीकांत पेटकरांचं नाव घेतलं. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे, सैन्यातले मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं अंग अधू झालं. उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्णपदक घेऊन आले. पाय न मारता. साहेबांनी मनात हिशोब केला असावा. दोन्ही पाय मारून त्यांना निम्म्या अंतराला यापेक्षा जास्त वेळ लागत होता. ते काही बोलले नाहीत. त्या दिवशी त्यांनी डोकं बराच वेळ खाली ठेवलं, पण ते पोहण्यासाठी होतं की कसं, हे गॉगलमुळे कळलं नाही.

आणि वहिनी? रविवारी फॅमिली बॅच असते, तेव्हा दोघं एकत्र दिसतात. वहिनींना विसरायचं काहीच नव्हतं, ही त्यांची जमेची बाजू. सरांनी सांगितलं, हात पुढे करा, तोंड पाण्यात, अंग सैल सोडा. त्यांनी तसं केलं आणि तरंगल्या. साहेब कठड्याला धरून बघत राहिले. "तुला प्रश्न पडत नाहीत का गं?" त्यांनी विचारलं. वहिनी म्हणाल्या, "घरी पडतात. इथे सर सांगतात तसं करते." बायकांच्या शरीरात चरबीचं प्रमाण जास्त, तीही कमरेखाली, त्यामुळे त्यांचे पाय सहज वर राहतात. ही शास्त्रीय माहिती साहेबांनी वाचून काढली आणि नाश्त्याच्या वेळी वहिनींना मोठ्यानं सांगितली : "तुझं पोहणं म्हणजे कौशल्य नव्हे, चरबी आहे." माहिती खरी होती. वेळ चुकली. पुढचे काही दिवस साहेबांनी तलावाबाहेरच्या गाडीवर मिसळ खाल्ली. पोहून आल्यावर भूक लागते ती अशी, की त्यांना शिक्षा आहे हे कळायलाच दोन-तीन दिवस गेले.

सरांखेरीज तलावावर फुकटचे गुरू आहेत ते निराळेच. त्यांतले ज्येष्ठ म्हणजे अण्णा. ते उथळ पाण्यात, दोन्ही कोपरं कठड्यावर टेकून, छातीपर्यंत पाण्यात उभे असतात. पोहताना त्यांना कोणी पाहिलेलं नाही. "हात एसच्या आकारात ओढायचा," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. हे त्यांच्या तरुणपणी खरंच शिकवत. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाचे प्रशिक्षक काउन्सिलमन यांनी मोठमोठ्या पोहणाऱ्यांचं पाण्याखालून चित्रण केलं, तेव्हा त्यांचे हात सरळ न जाता नागमोडी जाताना दिसले. १९६८ साली त्यांचं पुस्तक आलं आणि एक पिढी एस गिरवायला लागली. पुढे मत बदललं. आता म्हणतात, कोपर वर ठेवा, पंजा आणि हात मिळून एक फळी करा आणि पाणी सरळ मागे रेटा. बाक आलाच तर तो अंग वळल्यामुळे आपोआप येतो. अण्णांना हे कोणी सांगत नाही. काउन्सिलमन मात्र मानायला हवेत. १९७९ साली, वयाच्या ५८ व्या वर्षी, त्यांनी स्वतः इंग्लिश खाडी पोहून दाखवली. ५८ म्हणजे आपल्याकडे राज्य सरकारी नोकरीत निरोपाचा नारळ हातात पडायचं वय.

अण्णांच्या विरुद्ध पक्ष युट्यूबवाल्यांचा. हे पाण्यात कमी आणि दिवाणखान्यात जास्त पोहतात. एक जण पलंगावर आडवा पालथा पडून हात मारायचा सराव करतो. दुसऱ्यानं 'कोपर वर' करताना चहाचा ट्रे उडवला. यांचा एक उपपंथ आहे घसरणाऱ्यांचा. टेरी लॉफलिन नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकानं 'टोटल इमर्शन' म्हणून एक पद्धत काढली. मोठेपणी शिकणाऱ्यांना ती फार मानवली. आधी तोल, मग लांब होऊन पाण्यातून सरकणं, ताकदीचं नंतर बघू. पद्धत चांगली आहे. पण आमच्याकडचे भक्त एक हात पुढे ताणतात आणि मग असे निपचित सरकत राहतात, की जीवरक्षक खुर्चीतून उठतो.

साहेबांनाही मुलानं घड्याळ पाठवलंय. ते एका फेरीतले हात मोजतं, त्यात सेकंद मिळवतं आणि बेरीज दाखवतं. बेरीज जितकी कमी तितकं पोहणं चांगलं. लाइट बिल आणि शुगर यांच्यानंतर कमी झाल्यावर आनंद देणारा साहेबांच्या आयुष्यातला हा तिसरा आकडा. तो कमी होतोही आहे. मुठी सैल पडल्या, हात पाण्यात शिरताना आवाज कमी झाला, शेजारच्या लेनमधली माणसं कोरडी राहू लागली, अर्थात तलावात राहता येईल तितकी. गॉगल नीट करायची जागा हळूहळू पलीकडच्या भिंतीकडे सरकली आणि एक दिवस भिंतीलाच लागली. साहेबांना ते कळलंच नाही. त्यांचं डोकं भिंतीवर आपटलं, कारण ते खाली होतं.

त्या यशाच्या भरात त्यांनी बटरफ्लायची चौकशी केली. वीरधवल खाडे आपल्या कोल्हापूरचा, २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं कांस्यपदक आणलं, पोहण्यातलं भारताचं २४ वर्षांनंतरचं पहिलं, आणि पुढे तहसीलदार झाला, म्हणजे एका अर्थी सरकारी खात्यातलाच, असं त्यांचं म्हणणं. सरांनी बटरफ्लाय एकदा करून पाहू दिला. लेन रिकामी झाली. विषय संपला.

आता गोष्ट मालवणची. चिवला बीचवर डिसेंबरात समुद्रात पोहण्याची स्पर्धा होते. राज्यभरातली लहान-थोर मंडळी येतात. आमच्या बॅचनं छोट्या अंतराच्या गटात नावं घातली. साहेबांनीही घातलं, वहिनींनीही. साहेबांची तयारी अशी, की डोकं खाली ठेवण्यात त्यांना आता बॅचमध्ये तोड नव्हती. खाऱ्या पाण्यात अंग आणखी हलकं होतं, हे त्यांनी जातानाच गाडीत सगळ्यांना समजावून सांगितलं.

किनाऱ्यावर सर सूचना देत होते. "समुद्राच्या तळाला काळी पट्टी नसते. डोकं खाली घालून गेलात तर देवगडला निघाल. दर सात-आठ हातांनी डोकं वर काढायचं, नारिंगी बोया कुठे आहे तो बघायचा आणि मगच पुढे."

साहेबांनी सरांकडे एकटक पाहिलं. "डोकं वर?"

"वर, काका."

"हे तू मला आता सांगतोस?"

शिट्टी झाली. साहेबांनी सुरुवात झकास केली, पण डोकं काही वर येईना. ते बऱ्यापैकी वेगानं, हातांचा आवाज न करता, डाव्या बाजूच्या खडकांकडे निघाले. एका होडीनं त्यांना वळवून आणलं. मग ते उजवीकडे गेले. ठरलेल्या अंतराच्या निदान दीडपट पोहून ते बाहेर आले तेव्हा वहिनी गळ्यात टॉवेल टाकून वाळूवर बसल्या होत्या आणि मालवणी खाजं खात होत्या.

"तुला बोया दिसत होता?" साहेबांनी धापा टाकत विचारलं.

"छे. मला पुढच्या बाईच्या टाचा दिसत होत्या," वहिनी म्हणाल्या. "तिला दिसत असेलच की."

खुल्या पाण्यात पुढच्याच्या टाचांमागे पोहलं तर मेहनतही कमी लागते, ही गोष्ट साहेबांनी परतीच्या वाटेवर फोनवर वाचली. खरी होती. या वेळी त्यांनी ती मोठ्यानं सांगितली नाही.